माणसं बदलली, बँड तोच?

27 जून 2015 रोजी बेस गिटार वाजवणारा ख्रिस स्क्वायर गेला. 'येस' या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या तोवरच्या प्रत्येक अल्बमवर वाजवलेला तो एकमेव माणूस होता. 1968 साली लंडनमध्ये त्याने आणि गायक जॉन अँडरसनने हा बँड उभा केला. सोबत गिटारवर पीटर बँक्स, कीबोर्डवर टोनी के आणि ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड होते. स्क्वायर गेल्यावर या पाचांपैकी कायम सदस्य म्हणून कुणीच उरलं नाही. तरीही बँड थांबला नाही. त्याने दौरे काढले, 2021 मध्ये 'द क्वेस्ट' आणि 2023 मध्ये 'मिरर टू द स्काय' हे नवे अल्बम आणले. पाटीवर नाव 'येस' हेच आहे.

मग हा बँड तोच आहे का? रसिक यावर तावातावाने भांडतात, आणि ते भांडण फालतू नाही. माणूस, कुटुंब, पंथ, धर्म यांच्याबद्दल भारतीय दर्शनांनी हजार-दीड हजार वर्षं जो वाद घातला, तोच इथे गिटार घेऊन उभा आहे. सगळे घटक बदलल्यावर वस्तू तीच राहते का, आणि राहत असेल तर कशाच्या बळावर?

'येस'मधली अदलाबदल सुरुवातीपासूनची आहे. 1970 मध्ये बँक्स गेला, स्टीव्ह हाऊ आला. 1971 मध्ये टोनी केच्या जागी रिक वेकमन आला. पुढच्याच वर्षी 'क्लोज टू द एज' हा अल्बम झाला. त्याचं शीर्षकगीत अठरा मिनिटांहून मोठं आहे, एलपीची एक अख्खी बाजू व्यापणारं. त्याची प्रेरणा हरमान हेसेच्या 'सिद्धार्थ' कादंबरीतून आलेली. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय हे कुणाला ऐकवायचं असेल तर बहुधा हाच तुकडा लावला जातो. ध्वनिमुद्रण संपताच ब्रुफर्डने बँड सोडला. यशाच्या ऐन चढावर असलेला बँड सोडून तो 'किंग क्रिमसन'मध्ये गेला, कारण त्याला वेगळं काही शिकायचं होतं. अमेरिकेचा दौरा तोंडावर होता. नवा ड्रमर अॅलन व्हाइट याला सगळी गाणी बसवायला तीन दिवस मिळाले. विषम मात्रांची, मध्येच वळणं घेणारी ती गाणी तीन दिवसांत हातात बसवून तो मंचावर गेला आणि 2022 मध्ये मरेपर्यंत पन्नास वर्षं 'येस'चा ड्रमर राहिला. त्याला पाहुणा कोण म्हणेल?

ग्रीक परंपरेत थीसियसच्या जहाजाची गोष्ट आहे. एकेक फळी बदलत गेली तर जहाज तेच का? सतराव्या शतकात इंग्लिश तत्त्वज्ञ हॉब्जने तीत पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? 'येस'च्या बाबतीत हे अक्षरशः घडलं. 1989 मध्ये अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन आणि हाऊ हे चौघं जुने एकत्र आले, पण नाव स्क्वायरच्या बाजूकडे होतं. मामला वकिलांपर्यंत गेला. चौघांनी शेवटी आपली चार आडनावं जोडून बँडचं नाव केलं. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला सुवर्णकाळातली माणसं. 1991 मध्ये दोन्ही बाजू 'युनियन' या अल्बमसाठी एकत्र आल्या आणि आठ जण एका मंचावर उभे राहिले. प्रश्न सुटला नाही, तात्पुरता मिटला.

हाच प्रश्न मिलिंद राजाने नागसेन भिक्खूंना विचारला होता. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातला संवाद प्रसिद्ध आहे. नागसेन म्हणजे केस का, हाडं का, मन का? नागसेन उलट विचारतात: महाराज रथातून आलात, तर चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? सगळे भाग मिळून चालतात तेव्हा आपण त्यांना रथ म्हणतो. आत 'रथपणा' नावाचा वेगळा पदार्थ बसलेला नाही. बौद्धांच्या मते सारं क्षणाक्षणाला बदलतं, आणि एका क्षणातून दुसरा निपजत राहतो एवढंच सातत्य. त्याला त्यांनी 'संतान' म्हटलं, म्हणजे अखंड ओघ.

न्याय दर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे पटलं नाही. काल जे डोळ्यांनी पाहिलं तेच आज हाताने चाचपतो, असं मला ओळखता येतं. पाहणारा आणि स्पर्श करणारा एकच असल्याशिवाय ही ओळख कशी पटेल? म्हणून आत टिकणारा आत्मा मानावाच लागतो. शंकराचार्यांनीही क्षणिकवादाविरुद्ध स्मृतीचाच पुरावा पुढे केला. यावर बौद्धांचं उत्तर असं की कापलेली नखं पुन्हा वाढतात तेव्हाही आपण त्यांना 'तीच नखं' म्हणतो, पण असतं ते केवळ साम्य.

बँडबाबत बौद्धांचं म्हणणं चटकन पटतं. 'येस'च्या आत कुठलाही आत्मा दाखवता येत नाही. स्क्वायर हा आत्मा होता म्हणावं, तर तो गेल्यावर 'येस' संपायला हवा होता. आवाज म्हणावा, तर अँडरसनचा उंच, कोवळा स्वर 2008 मध्येच बँडमधून गेला. त्याच्या आजारपणात बँडने बेन्वा डेव्हिड नावाचा गायक आणला. तो 'येस'चीच गाणी गाणाऱ्या एका अनुकरणी बँडमधला. 2012 पासून गाणारा जॉन डेव्हिसन हाही तसाच, अनुकरणी बँडमधून आलेला. नक्कल करणारा मूळ जागेवर बसला. साम्यालाच सातत्य मानायचं असेल तर हा कळस झाला. आणि इथेच मन अडखळतं. हुबेहूब गाणं म्हणजे तोच बँड असेल, तर जगभरच्या सगळ्या अनुकरणी बँडना 'येस' म्हणावं लागेल.

नागसेनांकडे याचं उत्तर आहे, पण ते रथाच्या दृष्टान्तात नाही, आंब्याच्या आहे. एक माणूस दुसऱ्याचे आंबे चोरतो आणि राजापुढे म्हणतो, याने जमिनीत पेरलेला आंबा वेगळा, मी तोडलेला वेगळा, मग मी दोषी कसा? नागसेन विचारतात, तो दोषी ठरेल का? मिलिंद कबूल करतो, ठरेलच, कारण हा त्यातूनच आला. ही फार मोलाची जागा आहे. वस्तू तीच नसली तरी देणं चुकत नाही. सातत्य वस्तूत सापडत नाही, ते जबाबदारीत सापडतं. अनुकरणी बँड 'येस'ची गाणी वापरतो, पण 'येस'चं काही देणं लागत नाही. उद्या तो दुसऱ्या कुणाची गाणी गाऊ शकतो. डेव्हिसन मात्र मंचावर उभा राहताच अँडरसनच्या साऱ्या वर्षांना उत्तर द्यायला बांधला गेला. आपल्याकडे याला ऋण म्हणतात.

आपल्याकडे भिवंडी तालुक्यात ऋणाची ही कसोटी लावून पाहण्यासारखी दोन ठिकाणं आहेत.

पहिलं लोनाडचं लेणं. डोंगरात कोरलेला हा बौद्ध विहार. व्हरांड्यात राजदरबाराचं शिल्प आहे आणि आज तिथे खांडेश्वरी देवीची पूजा होते. दगड तोच, छत तेच, पण ज्यांच्यासाठी तो खोदला तो भिक्खुसंघ तिथून कधीच गेला. देवीचा भाविक मनोभावे येतो, त्याच्या भक्तीत काही उणं नाही, मात्र तो त्या संघाचं देणं घेऊन येत नाही आणि त्याने घ्यावं अशी अपेक्षाही नाही. फळी न् फळी शाबूत, तरी जहाज दुसरं. 'येस'चं बरोबर उलट.

दुसरं गणेशपुरी. वज्रेश्वरीजवळच्या या गावात गरम पाण्याच्या कुंडांशेजारी भगवान नित्यानंद राहिले, 1961 मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्याकडून 1947 मध्ये दीक्षा मिळालेले स्वामी मुक्तानंद. त्यांनी इथूनच सिद्धयोग जगभर नेला. 1982 मध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी एका बहीण-भावाला मिळून वारस नेमलं. 1985 नंतर सिद्धयोगाची धुरा एकट्या गुरुमाई चिद्विलासानंद यांच्याकडे राहिली, तर धाकट्या बंधूंनी, ज्यांचं संन्यासनामही नित्यानंदच, पुढे 'शांती मंदिर' ही वेगळी संस्था उभी केली. समाधी, आश्रम, नाव, दीक्षा हे सगळं एका माणसाच्या हयातीत एका जागी होतं, नंतर वेगवेगळ्या हातांत गेलं. कोणता ओघ खरा, हे बाहेरच्याने सांगू नये. देणं दोन घरांनीही फेडता येतं. अँडरसन आज 'बँड गीक्स' या नव्या साथीदारांबरोबर तीच जुनी गाणी गातो, आणि स्टीव्ह हाऊ 'येस' घेऊन तीच वाजवतो. नावाचा मालक एकच असू शकतो. ऋणाला तशी अट नाही.

पण नुसतं 'मी देणं मानतो' म्हणून भागतं का? हात लागावा लागतो. भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात मागावरचा बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचा रूळ, संपत आला की नवा बीम चढवतात. कारागीर मागाच्या पाठीमागे बसतो, जुन्या ताण्याची शिल्लक टोकं आणि नव्या ताण्याची टोकं बोटांत धरतो आणि एकेक धागा एकेकाला जोडत जातो. असे हजारो धागे. मग ते जोड जपून वहीतून, म्हणजे ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या चौकटीतून, आणि फणीतून ओढून घेतात आणि माग सुरू होतो. नव्या बीममध्ये जुन्याचं सूत तसूभरही नसतं. जुनी टोकं शिल्लक होती म्हणून नवा ताणा फणीत गेला, एवढंच. अॅलन व्हाइटच्या त्या तीन दिवसांत हेच झालं.

आणि कधी कधी माग बराच काळ बंद असतो. 'किंग क्रिमसन' जानेवारी 1969 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी पहिला अल्बम आला आणि डिसेंबरमध्ये इयन मॅकडोनाल्ड आणि मायकल जाइल्स बाहेर पडले, लवकरच ग्रेग लेकही गेला. वादकांपैकी उरला गिटारवाला रॉबर्ट फ्रिप. 1972 मध्ये त्याने ब्रुफर्डसह नवा संच जमवला. त्यात जेमी म्युअर हा तालवादक होता. मार्च 1973 मध्ये ब्रुफर्डच्या लग्नात जुना सहकारी अँडरसन आणि नवा सहकारी म्युअर यांची भेट झाली. म्युअरने त्याला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राबद्दल सांगितलं. त्या पुस्तकातल्या चार प्रकारच्या शास्त्रांवरच्या एका तळटिपेवरून 'येस'चा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा चार बाजूंचा अल्बम झाला. म्युअर स्वतः मात्र त्याच सुमारास बँड सोडून स्कॉटलंडमधल्या तिबेटी बौद्ध मठात गेला. बँडमधून बाहेर पडणं ही त्याच्यासाठी साधना होती. आपलं वाजवणं म्हणजे आपण नव्हे, हे ज्याला कळलं, तो ऐन भरात जागा सोडू शकतो. अदलाबदलीच्या कहाण्यांत भांडणं आणि पैसेच फार रंगवले जातात. म्युअरसारख्यांची दखल त्यामानाने थोडी घेतली जाते.

फ्रिपने 1974 मध्ये बँड कायमचा संपल्याचं जाहीर केलं आणि आध्यात्मिक गुरू गुर्जिएफच्या परंपरेतल्या जे. जी. बेनेट यांच्या विचारांनुसार चालणाऱ्या निवासी शाळेत जाऊन राहिला. 1981 मध्ये त्याने ब्रुफर्ड, एड्रियन बिल्यू आणि टोनी लेविन यांना घेऊन 'डिसिप्लिन' नावाचा बँड काढला. वाजवू लागल्यावर त्यांना वाटलं की हा तर 'किंग क्रिमसन'च आहे, आणि त्यांनी नाव बदललं. फ्रिपचं सांगणं असं की 'किंग क्रिमसन' ही काम करण्याची एक रीत आहे. नैयायिक म्हणतील, बाबा, फ्रिप हाच तुमचा आत्मा. आक्षेप खरा आहे. फ्रिपशिवायचा क्रिमसन अजून कुणी ऐकलेला नाही.

मुंबईत उलटी बाजू दिसते. 1984 मध्ये सुरू झालेल्या 'रॉक मशीन' या बँडने 1993 मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं. माणसं बहुतेक तीच, पाटी नवी, संगीतात इथल्या मातीचा शोध. 1997 मध्ये बँड थांबला. 2010 मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे जुने सदस्य परतले ते बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी या पुढच्या पिढीच्या वादकांना घेऊन, आणि 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम केला. जुन्या गाण्यांवर निभावून नेता आलं असतं. त्यांनी नवी गाणी रचली, हे महत्त्वाचं. ऋण फेडायचं तर मुद्दलात भर घालावी लागते.

महाराष्ट्राला हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर ठाऊक आहे. लोनाडसारख्या लेण्यांतून भिक्खुसंघ जाऊन शतकं उलटली होती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्म स्वीकारला, तेव्हा ते थेट अजिंठ्याचा वारसा सांगत उभे राहू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. कुशीनगरचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून त्यांनी आधी स्वतः दीक्षा घेतली. चालत आलेल्या हातात हात दिला. मग लाखो अनुयायांना त्यांनी स्वतः दीक्षा दिली, आणि तिच्यासोबत 22 प्रतिज्ञा दिल्या. त्या या रूपात कुठल्याही जुन्या विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, नव्हत्या. हा तोच धम्म का, असं तेव्हाही विचारलं गेलं, आजही विचारतात. ज्यांनी तो स्वीकारला त्यांच्यासाठी उत्तर रोजच्या वागण्यात होतं. घरातल्या मूर्ती विसर्जित करणं, लग्न नव्या विधीने लावणं, मुलीला शाळेत घालणं. बँडचा प्रश्न या प्रश्नापुढे लहान आहे, पण त्याची जात तीच. म्हणून स्टीव्ह हाऊच्या शेजारी उद्या कुणी नवा गिटारवाला उभा राहिला, तर त्याला अठरा मिनिटांचा तो तुकडा येतो का एवढंच विचारून चालणार नाही. एकोणिसाव्या मिनिटाला तो काय वाजवणार आहे, हेही ऐकावं लागेल.