वाट वाकडी करून

लांब पल्ल्याची खासगी बस रात्री ज्या हॉटेलसमोर थांबते आणि मालट्रक ज्या ढाब्यासमोर ओळीनं उभे असतात, ती दोन्ही ठिकाणं पुष्कळदा एकाच महामार्गावर, हाकेच्या अंतरावर असतात. भाजीपाला एकाच बाजारातून येतो, गॅसची टाकी त्याच भावाची असते. तरीही पहिल्या ठिकाणी कूपन फाडून कोमट पुलावासमोर उभं राहावं लागतं आणि दुसऱ्या ठिकाणी गरम रोटी थेट ताटात पडते. याचं कारण आचाऱ्याच्या हातात शोधण्यापेक्षा गल्ल्यावर शोधावं. बस कुठं थांबवायची हे चालक ठरवतो, पैसे प्रवासी देतो. परवा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार असतो तो चालक, म्हणून हॉटेलवाला त्याची बडदास्त ठेवतो, त्याला आतल्या टेबलावर गरम आणि फुकट जेवू घालतो. प्रवाशाचं तोंड पुन्हा दिसायची शक्यता कमी, आणि बस सोडून तो जाणार तरी कुठं? ढाब्यावर मात्र ठरवणारा, खाणारा, पैसे देणारा आणि परत येणारा माणूस एकच असतो. त्याला एकदा शिळी डाळ वाढली की पुढच्या खेपेला तो पुढचा ढाबा धरतो, आणि त्याचं ऐकून त्याच्या ओळखीचे इतर ड्रायव्हरही.

प्रवासात चांगलं खाणं हुडकण्याच्या हौसेबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की दोनच सूर लागतात. एक तर जिभेचे चोचले म्हणून तिची टवाळी होते, नाहीतर ‘मातीची चव’, ‘आजीच्या हातची चव’ असा गहिवर येतो. दोन्हींत या हौसेमागचं डोकं निसटतं. माझं म्हणणं असं की बाहेरच्या खाण्याची चव परत येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या धाकानं टिकते. वाटसरू हा जात्याच परत न येणारा माणूस, त्यामुळे त्याचा धाक कुणालाच नसतो. त्याला चांगलं जेवायचं असेल तर जे परत येतात त्यांच्या पंक्तीला जाऊन बसावं लागतं. ती पंक्ती कुठं बसते, किती वाजता बसते, तिथं काय वाढतात आणि का, याचा माग काढणं म्हणजेच ही हौस. त्यातलं सुख जिभेचं आहेच, पण अनोळखी मुलखातल्या माणसांचा रोजचा दिवस कसा चालतो याचा अंदाज बांधण्याचं आणि तो अंदाज ताटात खरा ठरताना पाहण्याचंही आहे.

पूर्वी हा माग काढावा लागत नसे, कारण खाणंच प्रवाशाकडे चालत येई. घाट, नाके, तरी, रेल्वेची फाटकं अशा सक्तीच्या थांब्यांच्या अंगानं खाणं उभं राहिलं. कर्जतच्या वड्याचं उदाहरण घ्या. बोरघाटातून 1863 साली रेल्वे धावू लागली. पुण्याकडे निघालेल्या गाडीला तो चढ एका इंजिनावर झेपत नाही, म्हणून कर्जतला मागून जादा इंजिनं जोडायची पद्धत पडली. त्या काही मिनिटांत खिडकीतून देता येईल, कागदात धरता येईल आणि गाडी हलल्यावरही खाता येईल असा पदार्थ तिथं खपणार, हे उघड होतं. पण सक्तीच्या थांब्यावर वाईट वडाही खपला असता. दिवाडकरांच्या वड्याचं नाव झालं, त्यामागं मला मुंबई-पुणे पासधारकांचा हात दिसतो. रोज किंवा दर शनिवार-रविवारी त्याच गाडीनं, त्याच फलाटावरून जाणारी ही मंडळी. वड्यात बटाटा कच्चा राहिला तर दुसऱ्याच दिवशी ऐकवणारं गिऱ्हाईक खिडकीशी बसलेलं असे.

वेगाच्या रस्त्यांनी हा थांबाच काढून घेतला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला आणि खोपोली, खंडाळा ही गावं प्रवाशाच्या वाटेतून बाजूला पडली. नागपूरहून निघणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2025च्या जूनमध्ये आमण्यापर्यंत सगळा खुला झाला. त्याच्या दोन्ही अंगांना कुंपण आहे आणि गावात उतरायचं तर ठरावीक ठिकाणीच. अशा रस्त्यावर जागा मोजकी, भाडं जबर, आणि टोल भरून आत शिरलेलं गिऱ्हाईक खाण्यासाठी सहसा बाहेर पडत नाही. म्हणजे खासगी बसचा तो जुना करार इथं काँक्रीटमध्ये पक्का झाला. फूड मॉलमधला डोसा फिका लागतो तो तिथल्या पोराला डोसा घालता येत नाही म्हणून नव्हे. तो चांगला घातला काय नि वाईट घातला काय, उद्याची गर्दी तेवढीच असणार, हे त्याच्या मालकाला ठाऊक असतं. उलट खोपोलीत जुन्या रस्त्यावर रमाकांतच्या वड्यासाठी अजून गर्दी असते. वाहनांचा लोंढा वळला तरी गाव आणि आसपासचे कारखाने जागेवरच राहिले.

मूळ रस्त्याला लागूनच असं खाणं कसं रुजतं हे पाहायचं तर पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण पाहावं. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं आणि फुगवट्याचं पाणी मागं सरकत इंदापूर, करमाळा, दौंड या तालुक्यांच्या शिवारांत शिरलं. जमिनी गेल्या, गावठाणं उठली. ज्या कोरडवाहू टापूत मासा क्वचितच पानात पडे, तिथं बारा महिने पाणी आलं आणि मासेमारी हा मोठा धंदा झाला. भिगवणच्या बाजारात माशांचे लिलाव होऊ लागले आणि त्याच्या आधारानं रस्त्याकडेला मच्छी-खानावळी उभ्या राहिल्या. तिथला सगळ्यात खपणारा मासा चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला, जगभर तिलापिया म्हणून ओळखला जाणारा. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा देतात, त्यांत हळद, मीठ, लाल तिखट आणि लसणाचं वाटण दाबून भरतात आणि भरपूर तेलात तळतात. चिरांच्या कडा कुरकुरीत होतात, आतला पांढरा गर ओलसर राहतो, आणि काटे मोठे असल्यानं समुद्राच्या माशाची सवय नसलेला माणूसही निर्धास्त खातो. सोबत कांदा-खोबऱ्याचा लाल रस्सा आणि ज्वारीची भाकरी. रस्सा पाहिला तर तो मटणाचाच भाऊ. कोकणातल्या आमटीशी त्याचं काही नातं नाही. घाटावरच्या बायकांनी आणि आचाऱ्यांनी नव्या माशाला आपल्या ओळखीच्या मसाल्यात घेतलं, एवढं तो रस्सा सांगतो.

या ताटात ‘पारंपरिक’ म्हणावं असं भाकरी आणि मसाला सोडला तर फारसं काही नाही. मासा परका, पाणी सरकारनं अडवलेलं, धंदा पन्नाशीच्या आतला. म्हणून रस्त्यावरचं चांगलं खाणं शोधणं म्हणजे जुनं ते सोनं म्हणत फिरणं, हा आक्षेप मला पटत नाही. भिगवणला चव आली ती लिलावाला येणाऱ्या व्यापाऱ्यांमुळे, उसाच्या गाड्या हाकणाऱ्यांमुळे आणि सुट्टीच्या दिवशी बारामती-इंदापूरकडून मुद्दाम मासे खायला येणाऱ्या कुटुंबांमुळे. बाहेर उभ्या गाड्यांच्या पाट्यांवर एमएच 42 दिसत असेल तर आत जायला हरकत नाही; नुसत्या एमएच 12 आणि 14 असतील तर पुण्याहून निघालेले सगळे जण एकमेकांची गर्दी बघून थांबलेत असं समजावं.

गाड्यांच्या पाट्या वाचणं ही या शोधातली सगळ्यात सोपी खूण. त्याहून भरवशाची खूण म्हणजे ‘संपलं’ हा शब्द. दुपारी अडीचला ‘भाकरी संपली, भात आहे’ असं तोंडावर सांगणारी खानावळ आजचं आज रांधते. फळ्यावर चार पदार्थ असणं हे चौदा पानी मेनूकार्डापेक्षा बरं, कारण पंजाबी, चायनीज आणि दाक्षिणात्य असं सगळं एकाच चुलीवर करणाऱ्याकडे फ्रिजरच मुख्य आचारी असतो. काही खुणा पदार्थातच दडलेल्या असतात. धुळे-जळगावकडच्या ढाब्यांवर शेवभाजी मागवा. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि त्यात जाड तिखट शेव, एवढाच कारभार. पण शेव वाढायच्या क्षणी पडली तर पहिल्या घासाला तिचा कणा शाबूत असतो. आधीच टाकून ठेवली तर तिचा लगदा होतो. शेव ताटात येताना कशी आहे यावरून भटारखान्यात कुणाचं लक्ष आहे की नाही ते कळतं. वेळ पाळणंही याच शहाणपणातलं. नागपूरकडे तर्री-पोहे सकाळी खावेत, हुरडा थंडीतच मागावा. दुपारी चार वाजता भुकेलेल्या पाहुण्यासाठी अख्खं गाव पुन्हा चूल पेटवेल ही अपेक्षा शहरातली.

परत येणारं गिऱ्हाईक म्हणजे चांगल्या अन्नाची हमी, असा मात्र याचा अर्थ काढू नये. गावच्या माणसाला पुष्कळदा स्वस्त हवं असतं. मग तेल पुन्हा पुन्हा तापतं, भज्यांत सोडा मोकळ्या हातानं पडतो आणि तिखटाखाली बरंच काही झाकलं जातं. तिथला माणूस जे मागतो ते त्याला इमानानं मिळतं, इतकंच खरं. ते आपल्या पोटाला मानवेल का, हा निराळा प्रश्न.

याहून भारी आक्षेप मोबाइलवरच्या तारकांचा. एकदाच येणाऱ्याचा धाक नसतो हे तुमचं म्हणणं आता शिळं झालं, असं कुणी म्हणेल. आता तो एक तारा देऊन जातो आणि पुढच्या हजारांना सावध करतो. यात तथ्य आहे, आणि बंद हॉटेलसमोर जाऊन उभं राहण्याची फजिती नकाशानं वाचवली हेही मान्य. पण तारे देतं कोण? रोज जेवणारा तलाठी किंवा टेम्पोवाला सहसा खानावळीला तारे देत बसत नाही. देतो तो पुन्हा वाटसरूच, आणि तो रश्शाइतकंच पार्किंगला, एसीला आणि झोपाळ्याला गुण देतो. मग मालक रस्सा सोडून झोपाळे वाढवतो. नाशिकच्या आसपास शेतमळ्यांत थाटलेल्या काही मिसळीच्या जागा पाहिल्या तर हे चटकन ध्यानात येतं.

इथं आपल्या शोधाचाच दोष समोर येतो. आपण वाट वाकडी करून जातो, इतरांना सांगतो, गर्दी वाढते, भाव वाढतो, नेहमीचा माणूस दुसरीकडे जेवू लागतो आणि ज्याच्या धाकानं चव टिकली होती तो पंक्तीतून उठतो. मग शेजारी ‘ओरिजिनल’ लिहिलेल्या चार पाट्या लागतात. ही हौस आणि धंदा यांची गाठ नवी नाही. फ्रान्समधल्या मिशेलिन या टायरच्या कंपनीनं 1900 साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली ती लोकांनी जास्त फिरावं, टायर जास्त झिजवावेत म्हणूनच. पुढे तिच्या दोन ताऱ्यांचा अर्थच ‘वाट वाकडी करण्याजोगं’ असा ठरला. तेव्हा शोधणाऱ्यानं आपण निष्पाप आहोत असं मानू नये. यावर मला एकच तोड दिसते, आणि ती अपुरी आहे: सांगायचं तर जागेचं नाव सांगण्यापेक्षा खुणा सांगाव्यात. खुणांनी शोधणारे वेगवेगळ्या दारांशी जातात, नावानं शोधणारे एकाच दाराशी.

उरतो तो आक्षेप बायकांचा, आणि तो मला सगळ्यात खरा वाटतो. रस्त्यावरच्या खाण्याचं कौतुक करणारे लेखक बहुधा पुरुष असतात आणि त्यांना आडोसा कुठंही चालतो. आई, बायको, सासू बरोबर असलेली गाडी स्वच्छतागृह दिसेल तिथं थांबते आणि मग तिथं जे मिळेल ते खाते. फूड मॉलनं हा प्रश्न बऱ्याच प्रमाणात सोडवला. समृद्धीच्या पहिल्या टप्प्यावर सुरुवातीला खाण्याची आणि स्वच्छतागृहाची आबाळ होती तेव्हा त्याची किंमत लोकांना कळली. एसटीनं जाणाऱ्या बाईला तर एवढीही निवड नसते. ‘जरा आत गावात वळू, तिथं झकास थाळी मिळते’ या वाक्याला गाडीच्या मागच्या सीटवरून जी शांतता मिळते, तिला चवीतली अरसिकता समजणं हा निव्वळ आडमुठेपणा आहे.

पण यातून फूड मॉलच हवेत असं सिद्ध होत नाही. स्वच्छतागृह हवं एवढंच सिद्ध होतं. आज ही दोन कामं एकाच्याच हाती दिलेली असतात, आणि लघवीला थांबलेल्या माणसाला महागडा सामोसा विकण्यावर त्याचं गणित बसतं. रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेनं, टोल घेते त्या हिशेबात, गावाकडे उतरण्याच्या प्रत्येक तोंडाशी स्वच्छ, उजेड असलेलं, चोवीस तास माणूस असलेलं स्वच्छतागृह बांधलं आणि पुढच्या गावातली खानावळ किती किलोमीटरवर आहे याची साधी पाटी लावली, तर मागच्या सीटवरची मंडळीही बाजारपेठेपर्यंत यायला तयार होतील. उतरण्याच्या तोंडाशी गावाच्या नावाची पाटी आजही लागतेच. तिच्याखाली आणखी एक ओळ लिहायला फार रंग लागणार नाही.