दुखणं हे माप नव्हे

‘चालता येतं, जेवता येतं, दुखणं गोळीनं आटोक्यात राहतं. मग मान जखडून टाकणारं ऑपरेशन आत्ताच कशाला?’ रूमॅटॉइड संधिवात मानेच्या मणक्यांपर्यंत पोहोचला आणि मज्जारज्जूची नळी अरुंद झाल्याचं एमआरआयमध्ये दिसलं, की रुग्ण हा प्रश्न विचारतो. प्रश्न रास्त आहे. डोकं डावी-उजवीकडे जेवढं वळतं, त्यातलं जवळपास निम्मं वळण पहिल्या दोन मणक्यांमधल्या सांध्यात होतं. तो सांधा पक्का जोडला की ते वळण जातं, आणि नक्की जातं. त्याबदल्यात जे टळतं, ते मात्र कदाचित झालंही नसतं. नक्कीचं नुकसान आज का पत्करावं? मला वाटतं, हा पेच सोडवताना आपण ‘किती सोसवतं’ हे विचारतो, तिथेच गल्लत होते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सुजलेलं अस्तर मानेतले अस्थिबंध सैल करतं, पहिला मणका पुढे सरकतो आणि मागे मज्जारज्जूला जागा उरत नाही. सांधा दुखतो, दबलेला मज्जारज्जू पुष्कळदा दुखत नाही. त्याच्या खुणा वेगळ्या: बटण लावता न येणं, चालताना तोल जाणं, मान वाकवताच पाठीतून वीज गेल्यासारखं वाटणं, लघवीची घाई. त्यातही बोटं आधीच वाकडी असली, तर बटणाची अडचण संधिवाताच्याच खाती जमा होते. अशा रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्याचा एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन मणक्यांच्या सरकण्यामुळे पक्षाघात झालेल्यांमध्ये मज्जारज्जूसाठीची जागा १० मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर गेलेली ताकद परत आली नाही, असं त्यात आढळलं. म्हणजे ‘असह्य झालं की बघू’ म्हणणारा माणूस ज्या इशाऱ्याची वाट पाहतो, तो कदाचित येणारच नाही. आणि आला तरी उशिरा येईल.

‘पण नळी अरुंद झालेल्या सगळ्यांनाच पक्षाघात होतो का?’ नाही होत. मेथोट्रेक्सेट आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली जैविक औषधं यांमुळे मानेची गंभीर हानी पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. शिवाय ऑपरेशनचीही जोखीम असते: स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ झालेली असतात, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढलेला असतो. त्यामुळे थांबणं हा भित्रेपणा नव्हे, विचारपूर्वक केलेली निवडही असू शकते. मात्र थांबणं वेगळं आणि सोसत राहणं वेगळं. थांबणाऱ्याची पुढच्या तपासणीची तारीख ठरलेली असते, मान पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेची आधीच्याशी तुलना होते, कोणती खूण दिसली की थांबायचं नाही हे त्याला ठाऊक असतं. सोसणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

‘म्हणजे माझ्या देहाचा निर्णय मिलिमीटरांनी घ्यायचा?’ हा आक्षेप सर्वांत खोल आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात असताना डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या, पहिले दोन मणके स्क्रू-पट्टीनं जोडण्याच्या पद्धतीवर आधारलेल्या शस्त्रक्रिया आज जगभर होतात. तंत्र एवढं पुढे गेलं, तरी त्यानं कुणासाठी काय मोलाचं हे ठरत नाही. गाडी चालवणाऱ्याला मागे वळून पाहता येणं हवं असतं, शिवणकाम करणारीला बोटांची नजाकत. काय मोलाचं, ही निवड रुग्णाचीच. डॉक्टरांची नव्हे आणि घरच्यांचीही नव्हे. पण काय परत मिळेल आणि काय कायमचं जाईल, हे कळल्यावरच ती निवड त्याची स्वतःची होते. सहनशक्तीचा आदर करायलाच हवा. रोजच्या वेदनेसोबत जगायला ती लागतेच. परंतु मज्जारज्जूची अवस्था तिच्यावरून कळत नाही, म्हणून निर्णयाची सूत्रं तिच्या हाती देऊ नयेत.