गुण बघायच्या आधी

न्याय ही वस्तू माणसाला पहिल्यांदा भेटते ती कोर्टात नव्हे, गल्लीत. आमच्या गल्लीत क्रिकेटला पंच म्हणून जो उभा राहायचा, तो पुढच्या डावातला फलंदाज असायचा. शिवाय ज्याची बॅट, त्याला पहिल्याच चेंडूवर बाद द्यायची छाती खुद्द रामशास्त्री प्रभुण्यांनाही झाली नसती. राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं तरी पेशवाई शिल्लक राहत होती. इथे बॅटच घरी जायची आणि तिच्यामागून स्टंपही.

तरी आमच्याकडे कायदा नव्हता असं नाही. उलट कायदा फार होता. धाकट्या भावंडांसाठी लिंबूटिंबूची तरतूद होती. दमलेल्यांसाठी टाइम्प्लीज होतं. पण या सगळ्या कलमांचं एक वैशिष्ट्य असं, की ती आठवायची ती आउट झाल्यावर. 'भिंतीला लागून झेल धरायचा नाही, ठरलं होतं!' हे कधी ठरलं होतं, कोणी ठरवलं होतं, ते कुणालाच सांगता यायचं नाही. मग अर्धा तास भांडण, रडीचा डाव वगैरे, आणि अंधार पडला की सामना अनिर्णित.

एवढ्या शिदोरीवर मी साठी ओलांडली. पुढचं शिक्षण झालं ते जावयांकडे.

आमचे जावई मेलबर्नला असतात. मूळचे सांगलीचे. स्वभावानं इतके गरीब, की स्वयंपाकघरात झुरळ निघालं तर मुलीला हाक मारतात. तिकडे गेल्यावर दुसऱ्याच रविवारी हा गृहस्थ कमरेला पिस्तुलाचा पट्टा बांधून घ्यायच्या तयारीत दिसला. पिस्तूल आलं ते एका पोलादी कपाटातून. आमच्या बँकेच्या लॉकरलाही इतका पत्रा नसेल. ऑस्ट्रेलियात 1996 साली पोर्ट आर्थरला गोळीबारात 35 माणसं मारली गेली. त्यानंतर तिथले कायदे फार कडक झाले. पिस्तूल हवं तर परवाना हवा, क्लबाचं सभासदत्व हवं, कपाट हवं. एवढं सगळं करून हे चालले होते कुठे, तर पुठ्ठ्यांना भोकं पाडायला.

नेमबाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंजली भागवत येते, तेजस्विनी सावंत येते, 2024 साली पॅरिसला ब्राँझ मिळवणारा आमच्या कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसळे येतो. श्वास रोखायचा, समाधी लावायची, मग चाप. जावयांचा खेळ निराळा. त्याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. 1976 साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे. त्याचा अर्थ अचूकपणा, जोर आणि वेग. म्हणजे शिट्टी वाजली, की धावायचं, आडोशामागून डोकवायचं, धावताधावताच मॅगझीन बदलायचं आणि वाटेत दिसेल त्या खाकी पुठ्ठ्यावर दोनदोन गोळ्या झाडायच्या. मध्येच काही पांढरे पुठ्ठे उभे असतात. ते निरपराध. त्यांना गोळी लागली की दहा गुण कापले जातात. खाकी चुकला तरी दहाच.

मधोमध लागली तर 5 गुण, मग कडेकडेला कमी. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. एकानं 12 सेकंदांत 60 गुण मिळवले, तर त्याच्या वाट्याला 5 येतात. दुसऱ्यानं 9 सेकंदांत 54 मिळवले, तर 6. म्हणजे कमी गुणवाला पुढे. हे गणित ऐकून मला माझ्या शाळेतली फार मुलं आठवली. पेपर सर्वांत आधी देऊन बाहेर पडण्याबद्दल त्यांना आयुष्यात कोणी श्रेय दिलं नाही.

मी कानांवर ती बोंडांसारखी आवाजबंद यंत्रं आणि डोळ्यांवर चष्म्यावर चष्मा चढवून मागे खुर्चीत बसलो होतो. गोळीबारात मला काही कळत नव्हतं. पण गोळीबार संपल्यावर जे सुरू व्हायचं, ते बघण्यासारखं होतं. तिथे पंचाला रेंज ऑफिसर म्हणतात. आणि हा पंच गल्लीतल्यासारखाच खेळाडूही असतो. घटकाभरानं स्वतःचं पिस्तूल लावून तोही धावतो. आमच्या मते एवढ्यावरच तो अपात्र!

पण बघा. गोळीचं भोक दोन कप्प्यांच्या रेघेवर पडलं, रेघेला नुसतं शिवलं, तरी वरचा गुण खेळाडूला. पंचाला शंका असेल तर तो पारदर्शक प्लॅस्टिकची चकती भोकावर ठेवून बघतो. तेवढ्या वेळात खेळाडूनं पुठ्ठ्यापासून एक मीटर लांब उभं राहायचं. विचारल्याशिवाय जवळ जायचं नाही. हे सोवळं मला फार आवडलं. पटलं नाही तर त्यानं वरच्या पंचाकडे जावं, मग रेंज मास्टरकडे, आणि तिथे विषय संपला. मग बाकीचे खेळाडू भोकांवर कागदी ठिगळं लावतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याची भोकं बुजवायची ती प्रतिस्पर्ध्यानंच. आपल्याकडे सार्वजनिक जीवनात ही प्रथा आणली तर रस्तेसुद्धा सुधारतील.

आता समजा, आधीच्या माणसाचं एक भोक बुजवायचं राहून गेलं. पुढचा आला, वीज चमकावी तसा धावला. पुठ्ठ्यावर दोनाऐवजी तीन भोकं निघाली आणि कोणतं कोणाचं ते कळेना. अशा वेळी त्या बिचाऱ्यानं पुन्हा धावायचं. 'मेल्यानं ठिगळ लावलं नाही यात माझा काय दोष?' हा प्रश्न तिथे चालत नाही. दोष कुणाचा, हा मुद्दाच नाही. आकडा खरा काय, हा मुद्दा.

याहून गंमत पोलादी पॉपरची. हा एक बुटका लोखंडी बाहुला. गोळी लागली की आडवा पडायला पाहिजे. कधीकधी 'टण्ण' आवाज होतो आणि बाहुला ढिम्म. खेळाडू म्हणतो, मी बरोबर मारली, बाहुलाच ताठ आहे. मग त्याला तिथे हात लावायचा नाही. खेळाडू जिथून झाडत होता, त्याच्या जवळून पंच हलक्या गटातलं काडतूस झाडतो. ठरलेल्या जागी गोळी बसूनही बाहुला उभाच राहिला, तर बाहुल्याचा दोष, खेळाडूनं पुन्हा खेळावं. पडला, तर खेळाडूची गोळी फुकट. जन्मभर आपण म्हणत असतो, साहेबच ताठ होता, परीक्षकच खडूस होता, नशीबच पडेना. पण हलकं काडतूस झाडून बघायची सोय आपल्याला कोणी दिली नाही. बहुधा बरंच आहे. निम्मे बाहुले पटापट पडले असते.

मात्र माझ्या मनात घर करून राहिला तो एक बारकासा नियम. धावताना पंचाचाच धक्का खेळाडूला लागला, तर पंच त्याला विचारतो, पुन्हा खेळणार का? खेळाडूनं हो किंवा नाही सांगायचं. पण ते सांगायचं आपली वेळ आणि आपले गुण बघायच्या आधी! बघितल्यावर नाही. आकडा चांगला आला तर 'छे, कुठला धक्का?' आणि वाईट आला तर 'अहो, जवळजवळ पाडलंच मला!' ही आपली राष्ट्रीय सवय त्या एका ओळीत त्यांनी मारून टाकली आहे.

जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1971 साली न्यायावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की समाजाचे नियम ठरवताना आपण त्या समाजात राजा होणार की रंक, हे ठरवणाऱ्याला ठाऊक नसावं. मध्ये अज्ञानाचा पडदा धरावा, म्हणजे नियम आपोआप न्याय्य होतील. आमची आई हेच एका चिक्कीच्या वडीत सांगायची. एकानं तुकडे करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. कापणारा इतका बारकाईनं कापायचा की सोनारानं शरमावं. आईला पडदा लागला नाही, सुरी पुरली.

इथपर्यंत सगळं गोड होतं. त्या दिवशीची खरी परीक्षा दुपारी आली.

जावयांची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून आम्हांला सकाळी एका म्हातारबुवांनी आपल्या गाडीतून आणलं होतं. निवृत्त सुतार, वय सत्तरीपुढे. जावयांना हा खेळ त्यांनीच शिकवलेला. दीड तासाच्या रस्त्यात मला प्रत्येक झाडाचं लाकूड कशाला चांगलं ते सांगत आले होते. त्यांची पाळी आली तेव्हा पंचाचं काम जावयांकडे होतं. बुवा उजवीकडून डावीकडे धावत मॅगझीन बदलत होते. त्या नादात पिस्तुलाची नळी समोरच्या मातीच्या बंधाऱ्याशी काटकोन करून किंचित मागे गेली. नव्वद अंशांची हद्द आहे, तिच्या पलीकडे. चापावर बोट नव्हतं. गोळी सुटली नव्हती. मागे चिमणीही नव्हती. फक्त मी होतो, आणि मला पत्ता नव्हता.

"स्टॉप!" जावई ओरडले. झुरळाला भिणाऱ्या माणसाचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

तिथे रेघेवरच्या भोकाला संशयाचा फायदा आहे, पण काटकोन ओलांडणाऱ्या नळीला क्षमा नाही. त्या एका डावापुरती नाही, सबंध स्पर्धेतून रजा. नवखा असो की गुरू, लिंबूटिंबू कोणी नाही. दाद मागता येते, अनामत भरून. पण काही अपवादात्मक कारण होतं का, एवढंच विचारता येतं. पंचानं जे पाहिलं म्हणून सांगितलं, त्यावर वाद नाही. बुवांनी पिस्तूल रिकामं करून दाखवलं, बॅगेत ठेवलं आणि ठिगळांची गुंडाळी उचलून संध्याकाळपर्यंत इतरांची भोकं बुजवत राहिले.

मी जावयांना बाजूला घेतलं. म्हटलं, "अहो, कोणाला काही लागलं का?"

"नाही बाबा."

"मग?"

"लागलं असतं तर नियमाचा काय उपयोग होता?"

याला उत्तर सुचेना. आपल्याकडे 'काही झालं तर नाही ना?' हा वाक्प्रचार म्हणजे अंतिम निकाल. उलट दिशेनं स्कूटर आणली, काही झालं तर नाही. तारेवर आकडा टाकला, काही झालं तर नाही. आपण परिणाम बघतो आणि त्यावरून गुन्हा होता की नव्हता ते ठरवतो. ते लोक कृती बघतात. आणि गंमत अशी, की 'काही झालं तर नाही' म्हणणं म्हणजे शेवटी गुण बघून मग धक्का लागला होता की नव्हता ते सांगणंच.

परतीच्या गाडीत दोघंही गप्प. मी मागच्या सीटवर, जीव मुठीत धरून. झाडांबद्दल आता कोणी बोलत नव्हतं. अर्ध्या वाटेत बुवा म्हणाले, "मी नव्वदच्या आतच होतो."

"मला पलीकडे दिसलं," जावई म्हणाले.

"हं. तुला दिसलं ना? मग झालं." थोड्या वेळानं पुन्हा, "पण आत होतो." आणि गाडी एका दुकानाशी थांबवून त्यांनी तिघांना कॉफी आणली. माझ्या कॉफीत आठवणीनं साखर जास्त. आपण बरोबर होतो हे मत त्यांनी सोडलं नव्हतं. पण निकाल सोडवून घ्यायचा, असा विचारही त्यांच्या मनात दिसला नाही. या दोन गोष्टी एका माणसात एकदम राहू शकतात, हे मला नवीन होतं.

पुण्याला परतलो आणि आमच्या सोसायटीत पार्किंगच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. सावलीच्या जागा चार, गाड्या एकवीस. मागच्या वेळी चिठ्ठ्या उघडल्यावर सतरा जणांच्या लक्षात आलं होतं, की चिठ्ठ्यांची पद्धतच मुळात सदोष आहे. म्हणून यंदा मी उभा राहून ठराव मांडला, की निकाल मान्य आहे की नाही हे प्रत्येकानं चिठ्ठी उघडायच्या आधी लिहून द्यावं. सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. सेक्रेटरींनी तर टाळीही वाजवली.

"ठराव उत्तम आहे," ते म्हणाले, "पण आधी चिठ्ठ्या उघडून बघू. मग ठरावाचं काय ते ठरवू."