रंधा धरावा कसा

अमरकोशात सुताराला पाच नावे दिली आहेत : तक्षा, वर्धकी, त्वष्टा, रथकार आणि काष्ठतट्. यांतला 'तक्ष्' हा धातू ध्यानात ठेवा. तासून रूप देणे, हा त्याचा अर्थ. ऋग्वेदातले ऋषी आपल्या सूक्ताला कुशल कारागिराने घडविलेल्या रथाची उपमा देतात. आपण मात्र सुताराकडून चौरंग आणतो, त्यावर पोथी ठेवतो, आणि तो गुळगुळीत झाला कसा हे कधी विचारीत नाही. आज तेच विचारू.

लाकूड किनवटकडचे सागवान असो की बांधावरची बाभूळ, जाणता सुतार आधी फळीच्या कडेला रेषा पाहतो. रेषा जिकडे वर चढत जाते तिकडेच रंधा चालवायचा. उलट चालविला की पाते रेषेखाली शिरते आणि कपचे उडतात. तेथे जोर वाढवून भागत नाही, फळी फिरवावी लागते. पोरांना वळण लावणारे बाप हो, इथे जरा थांबा! रेषा न पाहता रंधा मारायचा आणि कपचा उडाला की दोष लाकडाला द्यायचा, हे घरोघर चालले आहे.

आता हात. उजवा मागे; तीन बोटे मुठीवर, तर्जनी पुढे सरळ, तिने रोख राहतो. डावा पुढच्या टोकावर. रंधा फळीवर चढताना भार डाव्याचा, मध्यावर दोहोंचा सारखा, आणि पलीकडचे टोक ओलांडताना सगळा उजव्याचा. नवशिक्याचे नेमके येथेच बिघडते. त्याला वाटते, पुढचा हात सैल केला तर रंधा निसटेल. म्हणून तो शेवटपर्यंत दाबून धरतो. मग रंध्याचे नाक खाली झुकते, फळीची टोके झिजतात, मध्ये उंचवटा राहतो. वर सरळ पट्टी ठेवली तर ती डुलते. साठी उलटलेल्या आम्हा मंडळींचे असेच आहे. पोरगा चाळिशीचा झाला तरी किल्ल्या आमच्याच कमरेला! अहो, भार सोडा म्हणजे हात काढून घ्या असे नव्हे. सुताराचा डावा हात शेवटपर्यंत रंध्यावरच असतो, फक्त दाबीत नाही.

जोर मनगटाचा नको. पाय रोवून सगळे अंग पुढे न्यावे. पाते केसभरच बाहेर असावे. रंधा उलटा करून तळाशी डोळा लावला की ते दिसते; जास्त आले असेल तर लाकडी रंध्याच्या मागच्या टोकाला हलकी ठोक द्यावी आणि पाचर पुन्हा घट्ट करावी. अधाशाचा रंधा अडकतो. परत आणताना टाच उचलावी, नाहीतर धार जाते. फळीच्या आडव्या तोंडाला मात्र दोन्ही कडांकडून मध्यापर्यंतच यावे. आरपार गेलात तर पलीकडची कड फुटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी भागातली दगडमातीची माळवदे कोसळली. पुढे घरे सिमेंटची, पत्र्याची झाली आणि खांब-तुळया तासण्याचे काम सुताराच्या हातून गेले. विजेचा रंधा आला, वेळ वाचतो, त्याला नावे कशाला ठेवायची? भार पुढून मागे त्यालाही न्यावा लागतोच. पण ते हाताला कळते हाताच्या रंध्यावर. तुमच्या गावात असा एखादा म्हातारा सुतार असेल, तर यंदाच्या सप्ताहाचा चौरंग त्याच्याकडूनच करवा, आणि दोन पोरे त्याच्याजवळ बसवा. पहिल्या दिवशी नुसते छिलके गोळा करू द्यात.