मुलांना खेळायला कोण नेणार?



बारा वर्षांचा येशू आईवडिलांबरोबर वल्हांडण सणासाठी जेरुसलेमला गेला, ही संत लूकच्या शुभवर्तमानातील घटना (अध्याय २) आपण नेहमी ऐकतो. तो मंदिरात सापडला, हे लक्षात राहते. नाझरेथपासून जेरुसलेम शंभर किलोमीटरहून दूर, आणि त्या काळी साधी माणसे पायीच जात, हे मात्र राहत नाही. परतताना मरिया व योसेफ दिवसभर निश्चिंत चालले, कारण मुलगा सोबतच्या नातेवाइकांत असेल असे त्यांना वाटले. गावाच्या सोबतीवर एवढा विश्वास होता.

आज आपण मुलांना दाराबाहेर सोडायला भितो. भीती खोटी नाही. सटाण्यातून जाणाऱ्या विंचूर-प्रकाशा रस्त्यावरची वाहतूक पाहून लहान मुलाला सायकल देऊन कोण पाठवील? मग शाळा, शिकवणी, गृहपाठ आणि उरलेला वेळ मोबाइल. मूल घरात गप्प बसले की आपल्यालाही बरे वाटते, हे कबूल करायला हवे.

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. हाडांना, हृदयाला आणि अभ्यासालाही ते लागते. त्यासाठी पैसे लागत नाहीत. लगोरी, लंगडी, दोरीच्या उड्या पुरतात. मुलींना तर आपण दहाव्या-बाराव्या वर्षीच खेळातून उठवतो. आपल्याच जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा टाळ्या मात्र आपणही वाजवल्या.

मग नेणार कोण? वडील शेतातून, दुकानातून थकून येतात. आईला तर बसायलाही सवड नसते. म्हणून हे एकट्या घराने उचलू नये. गल्लीतील चार घरांनी वार वाटून घ्यावेत. सोमवारी एका घरचे मोठे माणूस सगळ्यांना मैदानावर नेईल, मंगळवारी दुसऱ्या घरचे. आजोबांनी नुसते बसून लक्ष ठेवले तरी चालेल. संदेष्टा जखऱ्याने पुन्हा वसलेल्या जेरुसलेमचे चित्र रंगवले (अध्याय ८), त्यातही काठी घेऊन बसलेली म्हातारी माणसे आहेत आणि खेळणारी मुलेमुलीही आहेत.

येत्या रविवारी मिस्साबलिदानानंतर चर्चचे आवार अर्धा तास मुलांसाठी मोकळे ठेवू. मोटारसायकली भिंतीकडेने लावाव्यात. चेंडू आम्ही आणू.