बंद दार कोणासाठी?

पावसात भिजलेले मांजराचे पिल्लू घरातले मूल छातीशी धरून आणते, तेव्हा त्याला हाकलून देण्यास मन धजत नाही. पण घरात आधीच एक मांजर वावरत असेल तर अडचण उभी राहते. ते फिसकारते, पाठ कमानीसारखी करते, अन्नाकडे पाठ फिरवते. जाणकार म्हणतात, नव्याला काही दिवस वेगळ्या खोलीत दार लावून ठेवा. येथेच श्रद्धावंताच्या मनात शंका येते. मांजर कोंडून ठेवणारी स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग दार लावावे तरी कसे?

ही शंका हसण्यावारी नेऊ नये. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे, आणि तिचा तपशील नीट पाहण्याजोगा आहे. त्या स्त्रीने मांजराला खाऊपिऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे जीवजंतू खाऊन जगण्यास मोकळेही सोडले नाही. जो कोंडतो त्याच्यावर कोंडलेल्याच्या उपजीविकेचा भार येतो; तिने तो झिडकारला. अन्न, पाणी, ऊब, मातीचे घमेले आणि दिवसातून अनेकदा जवळ जाऊन बसणारे माणूस ज्या खोलीत आहे, ती खोली कैद नव्हे. मात्र मुदत हवी. ‘आज राहू दे, उद्या पाहू’ असे म्हणत महिना लोटला, तर आपण त्या स्त्रीच्या जवळ सरकू लागलो असे समजावे.

मुदतीत करायचे काय? मांजर जग वासाने ओळखते. त्याचा पूर्वज आफ्रिकेतील रानमांजर, एकट्याने शिकार करणारा. आपला मुलूख वाटून घेणे त्याच्या स्वभावात नाही. म्हणून एकाचे अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत ठेवावे, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना एकाच वेळी खाऊ घालावे, म्हणजे परका वास आणि भरलेले पोट यांची सांगड बसते. दार किलकिले करण्याची वेळ त्यानंतरची. पिल्लू रस्त्यावरचे असल्याने आधी पशुवैद्याला दाखवणे हेही जुन्या मांजराचे देणे आहे. साथीचा रोग घरात आला तर पहिला घाव त्याच्यावरच पडेल.

आणि माझ्या मते खरा नैतिक प्रश्न या जुन्या मांजराचाच आहे. नव्याची दया सर्वांना येते, कारण ते लहान आहे, भिजलेले आहे. हजरत बशीर (रजि.) यांनी आपला मुलगा नुअमान याला देणगी दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षी राहण्याची विनंती केली. सर्व मुलांना असेच दिले काय, असे प्रेषितांनी (स.) विचारले, नाही असे कळताच साक्ष नाकारली. मांजर म्हणजे अपत्य नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. तरीही एकावरचा लोभ दुसऱ्याच्या हिश्श्यातून फेडू नये, ही शिकवण आपल्या अंगणापर्यंत पोहोचायला हरकत नसावी. औदार्य आपण दाखवायचे आणि जागा, भांडे, मांडी गमवायची जुन्या मांजराने, हे दान कसले?

एक गोष्ट घरोघरी कटू ठरते. भेदरलेले जुने मांजर कधी भलत्या जागी लघवी करते, कधी थेट मुसल्ल्यावर. मांजराचे उष्टे अपवित्र नाही, ते आपल्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे, हे हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या हदीसवरून आपण जाणतो, लघवी मात्र अपवित्रच, कापड धुवावेच लागते. धुवावे, पण मारू नये. त्याने सूड उगवलेला नसतो. त्याच्या हद्दीवर कोणी आले आहे, एवढेच ते सांगत असते. दोन मांजरे असतील तर घमेली तीन ठेवावीत, एकमेकांपासून दूर.

दोन खोल्यांच्या घरात हे सारे जमेल काय? न्हाणीघर, पडदा, वेळेची आलटूनपालटून वाटणी यांवर बरेच निभते. काही मांजरे आठवड्यात एका चटईवर झोपतात, काहींना महिने लागतात, आणि काही आयुष्यभर एकमेकांना टाळून त्याच छपराखाली राहतात. त्यांना मैत्रीची सक्ती करू नये.