लेकराच्या खोलीवर



येत्या २९ जुलैला ख्रिस्तसभा मार्था, मरिया आणि लाजरस ह्या बेथानीच्या तिघा भावंडांचा स्मृतिदिन पाळते. पूर्वी ह्या दिवशी एकट्या संत मार्थाचे स्मरण होत असे. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्यासोबत तिच्या बहिणीला आणि भावालाही त्यात घेतले. मला हा बदल आवडला. पाहुणा येतो तो एकट्या चुलीपुढच्या बाईकडे येत नाही, साऱ्या घराकडे येतो.

परंतु आज मला ज्याच्याकडे घरच नाही अशा यजमानाविषयी लिहायचे आहे.

महिन्यापूर्वी, आवणी सुरू व्हायच्या आधी, आपल्या धर्मग्रामातील एक माऊली मिस्सा संपल्यावर मागे थांबली. तिची लेक जर्मनीत नर्सिंग शिकते आहे. (दोघींना विचारूनच हे लिहितो आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच.) दोन वर्षे झाली, माऊलीने लेकीला जवळून पाहिलेले नाही. भावाने तिकिटाचे पैसे द्यायचे कबूल केले, पासपोर्ट हातात आला, आणि लेक फोनवर म्हणाली, "आई, आत्ता नको येऊस." कारण विचारले तर म्हणे परीक्षा आहे. दुसऱ्या वेळी विचारले तर म्हणे थंडी पडेल. माऊली ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, "फादर, तिला माझी लाज वाटते का हो?"

मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण तेच उत्तर, तीच परीक्षेची सबब, मी माझ्या आईला २००४ साली रोमहून लिहिली होती.

तेव्हा मी जनिकुलम टेकडीवरच्या एका वसतिगृहात राहून शिकत होतो. आई आणि थोरला भाऊ यात्रेच्या निमित्ताने यायचे म्हणत होते. मी लिहिले, मे महिना सोयीचा नाही. खरे कारण वेगळे होते. मी ग्रीकच्या परीक्षेत नापास झालो होतो आणि घरी कळवले नव्हते. घरी कळवायचो ते सगळे गोडगोड. वसईतल्या आमच्या गावात मी "रोमचा फादर" झालो होतो. रोमच्या फादरच्या बुटात पुठ्ठा घातलेला आहे, तो रात्री जेवणानंतर मुकाट्याने खोलीत जाऊन बसतो, हे तिकडे कोणाला ठाऊक असायचे कारण नव्हते.

ती दोघे तरीही आली. सिस्टरांच्या एका अतिथिगृहात त्यांची सोय केली आणि मी कामाला लागलो. नऊ दिवसांचा कार्यक्रम मी कागदावर लिहून काढला होता. संत पेत्राचे मंदिर, लॅटरनचे मंदिर, मेरी मेजर, भिंतीबाहेरचे संत पौलाचे मंदिर. बुधवारी पोपमहाशयांची भेटसभा, रविवारी दुपारी चौकात देवदूताची प्रार्थना. मेट्रोचे तिकीट कसे काढायचे, पाकीट कुठे ठेवायचे, कुठल्या नळाचे पाणी प्यायचे, सगळे मी पढवले. पवित्र जिन्याच्या २८ पायऱ्या आई गुडघ्यांवर चढली. तिचे गुडघे दुखरे होते, तरी चढली. वर पोहोचल्यावर मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, आता निघू या, बसची वेळ झाली.

सहाव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मला आज काही पाहायचे नाही. तू निजतोस कुठे ते दाखव."

माझी खोली सोडून बाकी सारे रोम मी तिला दाखवले होते.

वसतिगृहाची परवानगी काढून तिला वर नेले. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. ती खाटेवर बसली, गादी दाबून पाहिली. टेबलावर ग्रीकचे व्याकरण उघडे होते आणि भिंतीवर पुनर्परीक्षेची तारीख चिकटवलेली. तिला ती अक्षरे वाचता येत नव्हती, पण तारखेखाली मी लाल रेघ ओढली होती, ती तिला वाचता आली. मी सांगून टाकले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तुझा बापूस चौथीत दोनदा बसला. तरी केळीची बाग उभी केली की नाही?" मग तिने पिशवीतून सुईदोरा काढला, माझा स्वेटर मागितला आणि मला म्हणाली, तू वाच.

दुपारपर्यंत मी वाचत होतो आणि ती शिवत होती. त्या नऊ दिवसांत आम्ही एकमेकांना भेटलो ते तेवढेच. जाताना विमानतळावर तिने विचारले, "मग आम्हाला येऊ नका का म्हणालास?" मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आज आठवत नाही. ती आता देवाघरी आहे.

मार्थाची गोष्ट आपण नेहमी ऐकतो (लूक १०:३८-४२). प्रभू घरी आला, मरिया पायाशी ऐकत बसली, मार्थाची कामाने त्रेधा उडाली आणि तिने तक्रार केली. प्रवचनात बिचाऱ्या मार्थाला आम्ही धर्मगुरू फार बोल लावतो. पण योहानाच्या शुभवर्तमानात (१२:२) प्रभू पुन्हा बेथानीला जेवायला येतो तेव्हाही मार्था वाढतेच आहे, आणि तेव्हा तिला कोणी काही म्हणत नाही. म्हणजे वाढणे चुकीचे नव्हते. पहिल्या वेळी वाढण्याच्या गडबडीत पाहुणा बाजूला राहिला होता. आणि एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही: आपल्याला काय हवे ते त्या दिवशी पाहुण्यानेच सांगितले. माझ्या आईनेही सांगितले. मी कार्यक्रमाचा कागद घेऊन फिरणारी मार्था होतो. फरक एवढाच की मार्था निदान आपल्या घराचे दार उघडून बसली होती.

परक्या शहरातला मोठा यजमान कोण, असे मला विचाराल तर मी संत पौलाचे नाव घेईन. प्रेषितांच्या कृत्यांच्या अगदी शेवटी (२८:३०) तो रोममध्ये दोन वर्षे भाड्याच्या घरात राहतो आणि येईल त्याचे स्वागत करतो. कैदी होता तो. पहाऱ्यावरचा शिपाई घरात, हाताला साखळी. त्याच्याकडे येणाऱ्याला ती दिसत असणारच. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (१:१६-१७) अनेसिफर नावाच्या माणसाची तो कृतज्ञतेने आठवण काढतो. हा अनेसिफर रोमला आला, त्याने शोध घेत घेत पौलाला गाठले आणि पौलाच्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही. पौलाने त्याला काय जेवू घातले, कुठे निजवले, पत्रात अवाक्षर नाही. त्याला साखळीची लाज वाटली नाही, एवढे मात्र पौलाने आवर्जून लिहून ठेवले आहे.

हे सारे साधुसंतांचे झाले, असे कोणी म्हणेल. मग आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. आपली एसटी मुरबाडवरून ज्या कल्याणला जाते, त्या कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी एक मुलगी जन्मली. नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मूल झाले, ते दहा दिवसांत गेले. ह्याच डॉ. आनंदीबाई जोशी. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून. बायकोने शिकावे हा त्यांचाच ध्यास. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीत बसली आणि न्यूयॉर्कला उतरली. तिथे घ्यायला आल्या होत्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर. ह्या बाईंनी दंतवैद्याकडे नंबरची वाट पाहताना मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले होते, त्यातूनच ओळख झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. मावशी ख्रिस्ती, भाची हिंदू. भाचीने तिकडे आपला धर्म सोडला नाही, शाकाहारही सोडला नाही, आणि मावशीचे प्रेम त्यामुळे कमी झाले नाही. आपण ख्रिस्ती लोकांनी त्या मावशीकडून शिकण्यासारखे आहे.

पुढे फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षे गेली. परका देश, कडाक्याची थंडी, तब्येत खालावत चाललेली. शिक्षण संपत आले तेव्हा घरची माणसे तिकडे पोहोचली. एक गोपाळराव. त्यांनी बायकोला शिकवण्यासाठी लोकनिंदा सोसली होती, हे विसरून चालणार नाही. पण परदेशी गेलेल्या बायकोला पत्रांतून बोलही त्यांनीच लावले, आणि अमेरिकेत व्याख्याने देत फिरताना ज्या लोकांनी तिला आधार दिला त्यांच्या समाजावर आणि मिशनऱ्यांवर कडक टीका केली. टीकेत तथ्य असेलही. यजमानीणबाईंना ती ऐकताना कसे वाटले असेल, त्याचा मात्र विचार करावा.

दुसऱ्या पाहुण्या पंडिता रमाबाई, आनंदीबाईंच्या नात्यातल्या. त्या इंग्लंडमध्ये शिकत होत्या आणि १८८३ सालीच तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. म्हणजे नातेवाईक असूनही धर्माने आता वेगळ्या. पाच वर्षांचीही नसलेली लेक मनोरमा हिला घेऊन त्या समुद्र ओलांडून आल्या, ते आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ पाहायला. ११ मार्च १८८६ हा तो दिवस. विद्यार्थिनीजवळ पाहुण्यांना द्यायला काय असणार? त्या सभागृहातली एक खुर्ची. रमाबाई त्या खुर्चीवर बसल्या आणि आपल्या माणसाचे कष्ट फळाला आलेले त्यांनी पाहिले.

आनंदीबाई त्याच वर्षी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे त्या घराण्याच्या दफनभूमीत ती ठेवली आहे. रमाबाई समारंभ आटोपून परत गेल्या नाहीत. त्या अमेरिकेत राहिल्या, पुस्तक लिहिले, मदत उभी केली आणि भारतात येऊन मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. त्याची तारीख ११ मार्च १८८९, पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली तो दिवस. हा योगायोग होता की मुद्दाम निवडलेला दिवस, हे प्रत्येकाने आपापले ठरवावे. मी माझ्यापुरते ठरवले आहे.

आता तुम्ही म्हणाल, फादर, आमची पोरे कुठे रोमला नि फिलाडेल्फियाला जातात! पण धसईच्या पोराचे परके शहर कल्याण स्टेशनवरच सुरू होते. मुंबईत चौघांत एक खोली घेऊन राहणारा मुलगाही बापाला "इकडे येऊ नका, मीच येतो" म्हणतो. बाप रागावतो. बाप गेलाच तर पहिले वाक्य असते, "एवढे पैसे पाठवतो आणि तू असा राहतोस?" पुढच्या वेळी मुलगा पत्तासुद्धा नीट सांगत नाही. लाज दोन्हीकडची असते, आणि ती मायेपोटीच आलेली असते, म्हणून ती बोलून दाखवणे आणखी अवघड.

त्या माऊलीला मी ओट्यावर माझ्या ग्रीकची गोष्ट सांगितली. ती हसली, मग रडली. म्हणाली, बापूसवाले वाक्य चांगले आहे. मी तिला म्हटले, लेकीला परीक्षेचे विचारू नको, खोलीचे विचार. त्या रात्री तिने विचारले. लेकीने फोन हातात घेऊन खोलीभर फिरवला. फिरवायला फार जागा नव्हतीच. तिघी मुली, दोन खाटा, एक गादी जमिनीवर. जमिनीवरची गादी हिची. रात्रपाळी करून आली की दिवसा ह्या खाटेवर नाही तर त्या खाटेवर झोपते. "आई, तुला कुठे निजवू, हेच मला सुचत नव्हते गं."

माऊली म्हणाली, "मी काय खाटेवर निजून मोठी झाले?"

तर ती जाते आहे. ८ सप्टेंबरचा मरियामातेचा जन्मोत्सव इथे साजरा करून मग निघेल. कागदपत्रांसाठी आपल्या युवक मंडळातील दोघे तिच्याबरोबर मुंबईला जाऊन आले. इतर कोणाला जायचे असेल तर ध्यानात ठेवा: अशा भेटीच्या व्हिसावर १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येते, आणि किमान ३० हजार युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. घरचे तूप, पेढे आणि मटणाचे काहीही नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. सुकी मासळी चालते. हे ऐकून माऊलीचा जीव भांड्यात पडला. २०१६ साली आपल्या धसईचे नाव कॅशलेस गाव म्हणून पेपरांत झळकले होते, तरी तिचे पैसे अजून रुमालाच्या गाठीत असतात. लेकीने कार्ड घेऊन दे म्हणून मामाला बजावले आहे.

एक खाट कुठून तरी मिळते का, हे लेक शोधते आहे. माऊलीने तिला सांगितले, शोधू नको, मी गोधडी आणते. पिशवी सध्या तोलून पाहणे चालू आहे. गोधडी दोन किलो भरली, म्हणून मसाला एक किलो कमी केला.

तिच्यासाठी आणि घरापासून दूर खोल्यांत राहणाऱ्या आपल्या सर्व मुलांसाठी बुधवारच्या नोव्हेनात प्रार्थना होईल. आपल्या मुलांची नावे कोणाला द्यायची असतील तर शनिवारी संध्याकाळपर्यंत सिस्टरांकडे द्यावीत. सोबत मूल कुठल्या गावी राहते तेही लिहावे. आणि खोली पाहिली असेल तर तेही.

आपला,
फादर